पाटीवर लिहिलेला भाव

बाबा,

आज सकाळी पांढुर्ण्याला गेले होते. तिथल्या काही व्यापाऱ्यांनी आणि कास्तकारांनी मिळून एक चर्चा ठेवली होती, सरकारनं शेतमाल स्वतः विकत घ्यावा की नाही यावर. मी बरीच वर्षं पेपरात सरकारी खर्चावर लिहिते म्हणून मला बोलावलं होतं. सावनेर मागे पडल्यावर आमच्या गाडीपुढे कापसाचा एक ट्रक लागला. ताडपत्रीखालून फुगलेला, सगळा रस्ता अडवून चाललेला, आणि त्यातून सुटलेले पुंजके कडेच्या बाभळींवर जाऊन बसत होते. ड्रायव्हर म्हणाला, "काढू का मॅडम गाडी समोर?" मी म्हटलं, राहू दे, मागेच चल. राज्याची हद्द येते तिथे काय होतं ते मला बघायचं होतं. काहीच झालं नाही. ट्रक आपल्या वेगानं मध्य प्रदेशात गेला, त्याच्यामागून आम्ही गेलो. "इथं कापसाचा नाका होता ना?" मी विचारलं. त्याला वाटलं मी टोलविषयी विचारते आहे. आपल्याकडचा कापूस त्या रेषेपलीकडे नेणं एके काळी गुन्हा होता, हे सांगितलं तर तो हसला. "कापूसच ना मॅडम? गांजा त नाही?"

तुम्ही असतात तर तुम्ही हसला नसतात. त्या काळी आपल्या राज्यात कास्तकाराचा कापूस घेणारा एकच होता, सरकार, आणि आमच्या लेखी त्या सरकारचे हात म्हणजे तुमचे हात होते. हंगामात तुम्हाला रविवार नसायचा, म्हणून कधीकधी तुम्ही मला एसटीनं तुमच्या खरेदी केंद्रावर घेऊन जात होता. आवारात कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग, आणि शेडमध्ये कापसाचे पांढरे डोंगर. तुम्ही बंडीजवळ जाता, बाही कोपराच्या वर सारता आणि अख्खा हात ढिगात खुपसता. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात, खरं खाली असतं, असं तुम्ही मला सांगितलं होतं. मग आतून एक बोंडाएवढा पुंजका काढून दोन अंगठ्यांमध्ये हळूच ओढता, धागा उजेडाकडे धरता, आणि एकच शब्द बोलता. एक नंबर. दोन नंबर. त्या शब्दानं समोरच्या माणसाचा चेहरा कसा फुलायचा किंवा उतरायचा ते मी तुमच्या मागे उभी राहून बघत असे. तुम्ही मात्र चेहऱ्याकडे बघायचं टाळत होता. कुणा कास्तकाराच्या हातचा चहासुद्धा घेत नव्हता.

एकदा मी बाहुलीच्या उशीसाठी मूठभर कापूस फ्रॉकच्या खिशात कोंबला. तुमच्या लक्षात आलं. रागावला नाहीत, खाली वाकून म्हणालात, "ठेव तिथं. हे आपलं नोहे." मी विचारलं, मग कोणाचं आहे? "सगळ्याईचं." मी म्हटलं, सगळ्यांचं म्हणजे आपलं पण ना? बंडीवरचा एक म्हातारा खो खो हसला. तुम्हीही हसलात, पण कापूस परत ठेवायलाच लावलात. बाबा, पुढे अर्थशास्त्राची जाडजाड पुस्तकं वाचली, आता मुलांना शिकवते, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. सगळ्यांचं जे असतं ते नेमकं कुणाचं असतं, आणि ते सांभाळायला दर वेळी तुमच्यासारखा माणूस कुठून आणायचा?

तुमचा त्या खरेदीवर विश्वास होता, आणि तो नोकरीमुळे नव्हता, हे मला उशिरा कळलं. तुम्ही लहान असताना आजोबांबरोबर कापसाच्या बाजारात जात होता. तिथे दलाल आणि व्यापारी एकमेकांचा हात धरत, वरून रुमाल टाकत, आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. आजोबा बाजूला उभे. "माह्या बापाच्या मालाचा भाव माह्या बापालेच माहीत नव्हता," हे तुम्ही सांगायचात तेव्हा तुमचा आवाज बारीक व्हायचा. म्हणून केंद्राच्या दारावरची ती काळी पाटी तुम्हाला इतकी प्रिय होती. सकाळी आल्याआल्या तुम्ही ती स्वतः पुसत होता आणि त्यावर प्रत्येक नंबरचा भाव खडूनं ठळक अक्षरात लिहीत होता. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवत होता. ते काम शिपायाचं होतं, तुम्ही ते कधी त्याला करू दिलं नाहीत.

आणि मग मामाचं ते प्रकरण झालं. आईचा धाकटा भाऊ, खाप्याच्या पुढे कन्हान नदीच्या काठाला त्याचं वावर. हसतमुख, उपद्व्यापी, काही ना काही नवीन करून बघणारा. एका वर्षी तो आपला कापूस तुमच्याच केंद्रावर घेऊन आला आणि तुम्ही त्याला दोन नंबर दिला, कारण मालात किडकी कवडी, म्हणजे किडीनं पिवळा पडलेला कापूस निघाला. सख्ख्या मेव्हण्याला! तो काही बोलला नाही, आईच तुमच्याशी आठवडाभर मोजकं बोलत होती. पुढच्या हंगामात मामानं बंडी तुमच्या केंद्राकडे वळवलीच नाही, सौसरच्या बाजूनं हद्दीकडे हाकली. पलीकडे घेणारे अनेक होते, चढाओढीनं घेत होते आणि पैसे त्याच दिवशी देत होते. आपल्याकडे चुकाऱ्याची वाट बघावी लागायची. नाक्यावर तो सापडला. बैलबंडी त्यांनी सोडून दिली, कापूस जप्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या नागपुरातल्या नंदनवनच्या घरी आला. मी शाळेसाठी वेणी घालून घेत स्वयंपाकघरात बसले होते. आई एका हातानं माझे केस धरून होती आणि दुसऱ्या हातानं तव्यावरची पोळी उलटत होती. तुम्ही जेवायला बसला होता. मामा उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "भाऊजी, मी चोरी केली का?"

तुम्ही घास खाली ठेवलात. "कायदा माहीत होता ना तुले?"

"माहीत होता. मी ते नाही विचारून राहिलो. वावर माहं, पऱ्हाटी मी लावली, वेचा माह्या बायकोनं केला. मी चोरला कोणाचा, तेवढं सांगा."

आई तव्याकडेच बघत म्हणाली, "एक शब्द टाकला त काय होते? साहेब लोक तुमच्या वळखीचेच आहेत."

"एक शब्द टाकाचा असता त मागल्या साली एक नंबरच दिला नसता का याले?" तुम्ही म्हणालात. पोळी करपल्याचा वास सुटला. शेवटी तुम्ही मामाला म्हणालात, "हात धुऊन जेवाले बस. उद्या सकाळच्या गाडीनं मी येतो तुह्यासंग, जप्तीच्या कचेरीत."

"येऊन काय बोलान तिथं?"

"काही नाही. बसतो."

पुढचं मला मामानंच सांगितलं, कितीतरी वेळा. तुम्ही रजा टाकून त्याच्याबरोबर गेलात आणि कचेरीबाहेरच्या बाकावर दिवसभर त्याच्याशेजारी बसून राहिलात. येणारे जाणारे तुम्हाला ओळखत होते. खरेदीवाला माणूस इथे या बाकावर कसा, म्हणून त्यांनी विचारलं. तुम्ही दर वेळी एकच सांगितलंत, "हा माहा साळा होय." त्याच्या बाजूनं रदबदली केली नाहीत, त्याला दोषही दिला नाहीत. मामा म्हणायचा, त्या दिवशी माल गेल्याचं दुःख मला झालंच नाही, मला नुसतं लाजल्यासारखं होऊन राहिलं, आणि बरंही वाटून राहिलं.

जप्त केलेला तो कापूस शेवटी तुमच्याच केंद्रावर आला. तुम्ही बाही वर सारून हात घातलात, धागा ओढलात, उजेडाकडे धरलात आणि म्हणालात, एक नंबर. हे तुम्ही घरी कुणाला बोलला नाहीत. संक्रांतीच्या आसपास मामा तुरीच्या शेंगा घेऊन आला तेव्हा त्यालाच हळूच सांगितलंत, "तुहा माल एक नंबर होता गा." तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "जप्त झाल्यावर एक नंबर! व्वा भाऊजी!" मग डोळे पुसत म्हणाला, "गावात एकच दुकान असलं का दुकानदार गिऱ्हाइकाकडं पाहत नाही. तुमचं नाही म्हणत. तुम्ही पाहता. दुकानाचं म्हणतो."

मी ते वाक्य उचललं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पेपरसाठी पहिला लेख लिहिला तो त्याच वाक्यावर उभा केला. सरकार एकटंच घेणारं असेल तर त्याला वेळेवर पैसे द्यायची घाई नसते, चांगलं वागायची गरज नसते, आणि तोटा झाला तर तो सगळ्यांच्या करातून भरला जातो. चहाच्या टपरीवाल्याच्या, मोलकरणीच्या, खुद्द कास्तकाराच्या खिशातून. हे मी मोठ्या आवेशात लिहिलं. वीस वर्षांचा आवेश. पाठवण्याआधी कुणाला तरी दाखवावं म्हणून संध्याकाळी तुमच्या हातात दिलं. तुम्ही स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून सगळं वाचलंत, चष्मा काढलात आणि कागद मला परत दिलात. "आता मले वाचून दाखव," म्हणालात. "आन् जिथं सरकार लिहिलं आहे तिथं माहे बाबा म्हण."

मला आधी गंमत वाटली. वाचायला लागले. 'माझे बाबा कास्तकाराला ओलीस ठेवतात.' आईनं भाजी चिरायची थांबवून वर बघितलं. 'माझ्या बाबांना कापसातलं काही कळत नाही.' इथे मी कागद खाली घेतला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "वाच ना." पुढे होतं, 'माझे बाबा एकटेच घेणारे असल्यामुळे कास्तकाराला दुसरीकडे जाता येत नाही.' तुम्ही हात वर केलात. "हे खरं आहे. हे ठेव." मग उठलात, पाणी प्यायलात आणि बाहेर अंगणात जाऊन बसलात. मी लेखातल्या कितीतरी ओळी त्या रात्री काढल्या. उरला तो लेख अर्धा झाला आणि छापून आला. मला कुणी इतकं हळुवार बोलून इतकं रागावलं नाही, ना आधी ना नंतर.

पुढे मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मामाकडून कापूस आणवलात. घरच्या वापरापुरता ठेवायला मुभा होती, ती तुम्ही नीट विचारून घेतलीत हे मला नंतर कळलं. पिंजाऱ्याला अंगणात बसवून तुम्ही माझ्यासाठी गादी भरून घेतलीत, आणि तो पिंजत असताना दर थोड्या वेळानं जाऊन हातात कापूस घेऊन बघत होता. बिचारा कंटाळला. "साहेब, गादीच आहे," म्हणाला. स्टेशनवर ती गुंडाळी माझ्या बर्थखाली सरकवताना तुम्ही सांगितलंत, "हा आपला आहे. सरकारचा नाही. निवांत झोप."

मग काळ तुमच्यावरून सरकत गेला. तोटा राज्याला झेपेनासा झाला, नियम सैल झाले, व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली, आणि एके दिवशी तुमचं केंद्र बंद झालं. मी ज्यासाठी लिहीत होते तेच झालं होतं. त्या दिवशी तुम्हाला आणायला मी नागपूरहून आले होते. आवारात गवत वाढलं होतं. तुम्ही शेडच्या आत एकदा फिरून आलात आणि मला म्हणालात, "चाल, उशीर होते." एसटीत खिडकीशी बसलात आणि पूर्ण रस्ताभर बाहेर बघत राहिलात. मी तुमचा हात धरला. जिंकलेल्या माणसाला काय वाटायला हवं ते मला त्या प्रवासात काहीच वाटत नव्हतं.

पहिली दोनतीन वर्षं मामा खूश होता. मग एका साली भाव पडले आणि तो पुन्हा आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "भाऊजी, दुकानं चार झाली खरी. पण चारही एकमेकाईच्या कानात बोलून राहिले." तुम्ही मला काहीतरी सुनवाल असं मला वाटलं. तुम्ही नुसते माझ्याकडे बघून हसलात. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच टोपी घालून निघालात. तेव्हापासून दृष्टी फारच अधू होईपर्यंत तुम्ही बाजाराच्या फाटकाशी झाडाखाली बसत होता. कास्तकार आत जाण्याआधी बंडी, टेम्पो तुमच्यापाशी थांबवत, तुम्ही हात घालत होता आणि नंबर सांगत होता. कधीकधी चुकतही होता, मोतिबिंदू वाढला होता, आणि चुकलात की त्या माणसाची माफी मागत होता. व्यापारी आधी कुरकुरले, मग त्यांना सवय झाली. तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं, कुणी काढूही शकत नव्हतं. चहा मात्र आता घेत होता. "आता मी कोणाचाच नाही, आता चालते," म्हणायचात.

शेवटच्या आजारात तुम्ही म्हणत होता, मले मेडिकलले ने, म्हणजे सरकारी दवाखान्यात. मी ऐकलं नाही. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात तुम्हाला घेऊन गेले. स्वच्छ होता, डॉक्टर चांगले होते, रांग नव्हती. काउंटरपाशी चाकाच्या खुर्चीत बसून तुम्ही भिंतीवर काहीतरी शोधत होता. "भाव कुठं लिहिला आहे वं?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती गोड हसून म्हणाली, डॉक्टर बघतील, मग सांगू. तुम्ही माझा हात धरून मला खाली वाकवलंत आणि कानात म्हणालात, "तुहा बाजार बी रुमालाखालीच हात दाबून राहिला." आणि खोकत खोकत हसलात. मी पण हसले. त्यानंतर कितीदा तरी लिहिलं आहे मी, दवाखान्यांनी दर दाराशी लावले पाहिजेत म्हणून. माझ्या बाजूचे म्हणवणारे लोक मला विचारतात, तुम्ही पुन्हा सरकारचा दंडुका मागताय का? मी सांगते, जिथे किंमत दिसत नाही त्याला मी बाजार म्हणत नाही. हे मला कुणी शिकवलं ते सांगत नाही.

मामा त्या दिवसांत खाप्याहून आला आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. सिस्टरनं त्याला हटकलं, तुम्ही पेशंटचे कोण? तो म्हणाला, "माहे भाऊजी होय ते," आणि तिथेच बसला, तुम्ही गेलात तोवर.

आज पांढुर्ण्याला माझं बोलणं बरं झालं. सरकारनं दुकान मांडू नये, काटा तपासावा, भाव सगळ्यांना दिसेल असं बघावं, आणि भाव कोसळला तर गोदामं भरण्याऐवजी फरक सरळ कास्तकाराच्या खात्यात द्यावा. म्हणजे निदान किती खर्च झाला ते तरी कळेल, आणि कास्तकार कुठेही विकायला मोकळा राहील. टाळ्या पडल्या. मग मागून एक बाई उठली, माझ्याच वयाची, हाताला पऱ्हाटीचे ओरखडे. "मॅडम, ते खात्यावर देईपर्यंत माल मी कुठं ठेवू? भाव पडला का व्यापारी फाटकाकडं फिरकत नाही. भांडाले त कोणी पाह्यजे ना समोर." मी उत्तर दिलं. उत्तर चुकीचं नव्हतं. ती ऐकून घेऊन खाली बसली, आणि तिला पटलेलं नाही हे मला इतक्या लांबून दिसलं. भांडायला समोर माणूस हवा. मला वाटतं बाबा, तुमच्या त्या खरेदीचं मोठेपण काय होतं तर एवढंच, की लोकांना तुमच्याशी भांडता येत होतं. पण ते तुमचं मोठेपण होतं की त्या खरेदीचं? मी अजूनही म्हणेन, तुमचं. आणि तुम्ही अजूनही म्हणाल, असं नाही वं.

उद्या पेपरला लेख द्यायचा आहे, याच विषयावर. परत आल्यावर जेवले आणि लिहायला बसले. आई आता फार चालत नाही, दाराशी खुर्चीत बसलेली असते. तिनं कागद बघून विचारलं, "पेपरले लिहून राहिली का?" मी हो म्हटलं. "लिही. पण त्यात तुह्या बाबाचं काही टाकू नको," ती म्हणाली, "त्याईले आवडत नाही." आवडत नाही, असं म्हणाली. आवडायचं नाही, असं नाही. मी म्हटलं, नाही टाकत.

आणि मग हे एवढं सगळं लिहिलं. लेखाचा एक शब्दही झाला नाही. संपादकांचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचललेला नाही. आता उचलीन आणि सांगेन की यावर माझं नक्की मत काय आहे ते मला आज ठरवता येत नाही. इतक्या वर्षांत मी असं कुणालाच सांगितलेलं नाही.